गडवाटेची दुरुस्ती: श्रमदानाचा दिवस कसा आखावा

ज्या वाटेवर श्रमदान करायचं आहे ती भर पावसात वाहताना तुम्ही पाहिली नसेल, तर तारीख ठरवू नका. ग्रुपवर मेसेज टाकू नका, बॅनर छापू नका. आधी जुलैतला एक मुसळधार दिवस काढा, रेनकोट चढवा आणि पायथ्यापासून वरपर्यंत सावकाश चढा. त्या दिवशी गड बघायचा नाही, पायाखालचं पाणी बघायचं.

गडांच्या वाटा माणसांच्या पायांनी झिजतात, असं सगळीकडे सांगितलं जातं. पाय गवत मारतात आणि माती मोकळी करतात हे खरं आहे. पण ती मोकळी माती उचलून दरीत नेतं ते पाणी. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या माथ्यावर जो पाऊस कोसळतो, त्याला उतरायला आयता चर लागतो, आणि सरळ उताराची पाऊलवाट हा तसाच चर असतो. वाटेला एकदा पन्हळीचा आकार आला की दोन-तीन पावसाळ्यांत ती गुडघाभर खोल होते. मग लोक कडेच्या गवतातून चालतात, तिथली माती मोकळी होते, आणि काही वर्षांनी एका वाटेच्या जागी शेजारी-शेजारी तीन घळी दिसतात.

अशा वाटेवर उत्साही मंडळी आधी पायऱ्या बांधतात. पाणी वाटेवरच ठेवून बांधलेल्या पायरीमागची माती वाहून जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तो दगड हलत्या दातासारखा डुगडुगायला लागतो. त्यावर पाय पडलेला माणूस घोटा मोडून घेतो. मी अशा पायऱ्या स्वतः बांधल्या आहेत आणि स्वतःच उपटून काढल्या आहेत. तेव्हा क्रम पक्का धरा: आधी पाणी बाहेर, मग बाकीचं सगळं.

जुलैतली पाहणी

दोघं-तिघं पुरेत, पण त्यात पायथ्याच्या वाडीतला एक माणूस हवाच. त्याला गुरं चारताना कुठला ओढा कुठे वाट सोडतो हे रोज दिसत असतं. वहीत पेन्सिलने लिहा, पेनची शाई पसरते. दगडांवर रंगाने खुणा करू नका, आकडेही घालू नका. प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि मागच्या ओळखीच्या खुणेपासून किती पावलं आलो ते लिहा.

टिपायचं काय? पाणी वाटेत कुठून शिरतं, आपणहून कुठे बाहेर पडतं, आणि वाट सगळ्यात जास्त कुठे फाटली आहे. नवखा माणूस तिसऱ्या जागेवर कुदळ मारतो, कारण डोळ्यात तीच भरते. काम बहुतेक वेळा पहिल्या जागी असतं, म्हणजे फाटलेल्या भागाच्या तीस-चाळीस पावलं वर. तिथे एखादा झिरपा किंवा वरच्या वळणावरून सुटलेली धार वाटेत येते आणि पुढे वाटेचीच होऊन जाते. ती तिथल्या तिथे बाहेर काढली की खालचा खड्डा वाढायचा थांबतो.

जुलै हातचा गेला असेल तर ऑक्टोबरात कोरड्या खुणा वाचता येतात: आडवं झालेलं गवत, वळणावर साठलेली बारीक वाळू, उघडी पडलेली मुळं, दगडामागे अडकलेला पालापाचोळा. पण हे वाचायला सवय लागते. पहिल्याच वर्षी त्याच्या भरवशावर राहू नका.

तारीख

बहुतेक श्रमदानं मे महिन्यात होतात. सुट्ट्या असतात आणि ‘पावसाळ्याआधी काम उरकू’ असा हिशेब असतो. माझं मत स्पष्ट आहे: मातीच्या कामाला मे हा सगळ्यात वाईट महिना. माती विटेसारखी घट्ट झालेली असते, कुदळ उसळते, आणि जी माती निघते ती कोरडा भुगा असते. भुगा ठोकून बसत नाही. जूनच्या पहिल्या सरीबरोबर तो निघून जातो आणि तुमचा दगड उघडा पडतो.

दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे निवडा. जमिनीत ओल असते, पहार सहज जाते, माती-मुरूम दाबला की बसतो, ओढ्यांना थोडं पाणी असतं आणि ऊन सोसतं. शिवाय नवीन काम सात महिने चालणाऱ्यांच्या पायांखाली दबून घट्ट होतं आणि मगच पावसाला तोंड देतं. वार शनिवार. रविवारी गाजलेल्या गडांवर इतकी गर्दी असते की काम करणाऱ्यांच्या डोक्यावर वरून दगड सुटतात.

परवानगी

हे टाळून कुठलंही काम करू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. गडाच्या डोंगराचा उतार बहुतेक ठिकाणी वनखात्याचा असतो आणि माथ्यावरचा गड संरक्षित असेल तर तो पुरातत्त्व खात्याकडे. आधी त्या भागाच्या वनरक्षकांना प्रत्यक्ष भेटा, त्यांच्याबरोबर एकदा वाट चाला, मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या. पत्राला फोटो, कामाच्या जागा, माणसांचा आकडा आणि अवजारांची यादी जोडा. ‘श्रमदान करणार आहोत’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. दोन महिने हाताशी ठेवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारखं अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाची परवानगी लागते आणि तिथले नियम जास्त कडक असतात.

गड संरक्षित स्मारक आहे का, आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहा. रायगड, शिवनेरी, लोहगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीशिवाय करता येत नाही. २०२५ च्या जुलैत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आहेत. तिथे आता लेखी परवानगीशिवाय कुदळ उचलण्याचा विचारही करू नये.

एक गोष्ट मला फार लागते, म्हणून ठासून लिहितो. ढासळलेल्या तटाचा, जोत्याचा, पडक्या वाड्याचा एकही दगड वाटेच्या कामाला वापरू नका. तो ‘पडलेला’ असला तरी तो कुठे पडलाय यावरून ती भिंत कशी उभी होती हे जाणकार सांगू शकतात. तासलेला दगड दिसला की हात मागे. ओढ्यातले आणि घसाऱ्यातले अनघड दगड भरपूर मिळतात, ते कुठून उचलायचे एवढं वनरक्षकांना विचारून ठेवा.

माणसं आणि अवजारं

पंचवीस. फार तर तीस. शंभर जणांच्या श्रमदानाचा फोटो छान येतो, पण साडेतीन फुटी वाटेवर शंभर जण उभेही राहू शकत नाहीत. मग निम्मे लोक घोषणा देतात, चौथाई लोक प्लॅस्टिक वेचतात आणि उरलेले एकमेकांच्या कुदळीच्या टप्प्यात येतात. कचरा उचलणं चांगलंच आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

पाच-सहा जणांचा एक गट, प्रत्येक गटाला हे काम आधी केलेला एक माणूस. असे माणूस तीनच असतील तर अठरा जणांनाच बोलवा. पाहणीत बारा जागा निघाल्या असतील तर त्यातल्या चार-पाचच घ्या. माझ्या अनुभवात पाच जणांचा नवखा गट दिवसभरात दोन दगडी बांध (पाणी वाटेबाहेर वळवणाऱ्या, वाटेत गाडलेल्या दगडांच्या ओळी) नीट घालतो, तिसरा घाईत घालतो, आणि तो तिसराच पावसात फुटतो.

प्रत्येक गटाला एक पहार, दोन टिकाव किंवा कुदळी, एक फावडं, दोन घमेली, एक घण. जाड हातमोजे ज्याचे त्याने आणावे. अवजारं वाडीतून भाड्याने घ्या, शहरातल्या दुकानातल्या नव्या कुदळीचा दांडा अर्ध्या दिवसात निसटतो. पहार खांद्यावर टाकून चालू द्यायचं नाही. ती हातात, टोक खाली, दरीच्या बाजूच्या हातात.

जेवणाचं वाडीतल्या एखाद्या मावशींना आदल्या आठवड्यात सांगा आणि ठरलेले पैसे आगाऊ द्या.

पाणी वाटेबाहेर काढणं

इथे मी सर्वांत जास्त वर्षं चुकलो, त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

मावळातल्या एका गडाच्या वाटेवर आम्ही बावीस जणांनी एका दिवसात सात दगडी बांध घातले. सगळे वाटेला काटकोनात, आखल्यासारखे सरळ. पुढच्या जुलैत गेलो तेव्हा सातही गाळाने काठोकाठ भरले होते. पाणी त्यांच्यावरून उडी मारत होतं आणि जिथे पडत होतं तिथे मांडीएवढे खड्डे झाले होते. हे खड्डे आधी नव्हते. आमच्या श्रमदानाने वाट बिघडली होती. बरोबर वाडीतले एक म्हातारे होते. त्यांनी काठीने गाळ उकरला आणि म्हणाले, “दादा, असं आडवं घातलं की पानी बसतंय. बसलं की गाळ टाकतंय. आमी खाचराला सांड ठेवतो ती कडंला, खालच्या अंगाला. पानी पळतं राह्यलं पायजे.” भातखाचरं राखणाऱ्या माणसाला जे लहानपणापासून ठाऊक होतं, ते आम्हाला एक वाट बिघडवून कळलं.

आधी सगळ्यात सोपं काम बघा, कारण निम्म्या जागी तेवढंच पुरतं. वापरातल्या वाटेच्या दरीकडच्या कडेला माती आणि गवताचा वरंबा तयार होतो, शेतातल्या सरी-वरंब्यासारखाच. पाऊल मध्ये पडतं, मधला भाग दबतो, कडा उंच राहते. हा वरंबाच पाण्याला वाटेवर कोंडून ठेवतो. तो फावड्याने सपाट करायचा आणि वाटेला दरीकडे हलका कल द्यायचा: तीन फूट रुंदीला दीड ते दोन इंच. यापेक्षा जास्त दिलात तर ओल्या दिवसात पाय दरीकडे घसरतो. कल डोळ्याला कळत नाही. टेनिसचा चेंडू डोंगराकडच्या कडेला ठेवून सोडा. तो वाटेवरून खाली धावत सुटला तर कल कमी आहे, तिरका जाऊन कडेवरून पडला तर जमलं. नवख्या लोकांना, शाळकरी मुलांना हेच काम द्या. यात चूक झाली तरी नुकसान होत नाही.

उतार हलका आहे पण पाणी बरंच आहे, अशा जागी दगडी बांध घालूच नका. तिथे वाटेला बशी द्या. म्हणजे दहा-बारा फूट लांबीत वाट हळूहळू खाली न्यायची आणि पुढे थोडी चढवायची, आणि सर्वांत खोल जागी दरीकडची कड पूर्ण उघडायची. चालणाऱ्याला ती जाणवतही नाही, आणि पाणी मात्र खोल जागी येऊन बाहेर पडतं. बशीतून निघालेली माती पुढच्या चढाला वापरा आणि पायाने, घणाच्या बुडाने दाबून बसवा. बशीत दगड नसतो, त्यामुळे निखळायला काही नसतं. जागा मिळेल तिथे मी बांधापेक्षा बशीच निवडतो. लोक मात्र तीन फुटांची खड्डेवजा बशी खणतात, ती आठवड्यात चिखलाचं डबकं होते आणि चालणारे तिला वळसा घालतात. लांबी कमी करू नका.

आता दगडी बांध, जिथे चढ उभा आहे आणि बशीला जागा नाही तिथे.

जागा अशी निवडा की बाहेर काढलेल्या पाण्याला पुढे जायला उतार असेल. नागमोडी वाटेवर हे विसरलं जातं: वरच्या वळणावर बाहेर काढलेलं पाणी खालच्या वळणावर जाऊन पडतं, आणि तुम्ही तेच पाणी त्याच वाटेला परत देता. बांधाच्या टोकाशी उभं राहून खाली बघा. खाली वाट दिसत असेल तर जागा बदला, किंवा ते पाणी जवळच्या ओढ्याच्या दिशेला काढा. खड्डा सुरू होतो त्याच्या दहा-बारा पावलं वर बांध हवा, खड्ड्यात नको.

मग कोन. बांध वाटेला तिरका, निदान ४५ अंशांनी. अंश मोजायला कोणी डोंगरावर कोनमापक नेत नाही, त्यामुळे हा ठोकताळा: वाट तीन फूट रुंद असेल तर बांधाचं दरीकडचं टोक डोंगराकडच्या टोकापेक्षा वाटेवर तीन फूट खाली यायला हवं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला ते फारच तिरकं वाटतं, आणि गटातला कोणीतरी हळूच ते सरळ करत आणतो. अडवा त्याला. तिरकेपणा कमी झाला की पाण्याचा वेग मरतो, वेग मेला की गाळ खाली बसतो, आणि बांध एका पावसात भरतो. बांधाने पाणी अडवायचं नसतं, फक्त वळवायचं असतं.

खोदाई दरीकडच्या टोकापासून सुरू करा आणि डोंगराकडच्या टोकाला वाटेच्या कडेत एक फूट आत घुसा. हा आतला फूटभर भाग वगळला की पाणी बांधाच्या मागून वाट काढतं. सहा महिन्यांनी तुम्हाला मध्ये सुटा उभा बांध दिसतो आणि त्याच्या डोंगराकडच्या अंगाने नवा चर.

दगड मोठा हवा. आपल्या काळ्या पाषाणाचा एक फूट लांब, रुंद, उंच दगड साधारण ८० किलो भरतो. दोघांना पहारीने सरकवता येतो, पण कोणाही एकाला उचलता येत नाही. हाच आपला दगड. एकट्याने उचलता येणारा दगड पावसाळ्यात पाणीही उचलतं, चालणाऱ्याची लाथही हलवते. त्याचे दोन भाग जमिनीत आणि एक भाग वर: दीड फूट उंचीच्या दगडाचा एक फूट गाडलेला. हे ऐकून सगळे माना डोलावतात, आणि दुपारी दोन वाजता उन्हात खणून थकल्यावर चार इंच गाडून मोकळे होतात. गटाच्या म्होरक्याचं खरं काम दुपारी दोनलाच असतं. प्रत्येक दगड बसल्यावर मी त्यावर उभा राहून दोन्ही टाचांनी हिसका देतो. हलला तर बाहेर, पुन्हा खणायचं. यात गय केलेली मला नेहमी जुलैत दिसली आहे.

पहिला दगड दरीकडच्या टोकाला बसवा आणि डोंगराकडे सरकत जा. कौलं लावताना वरचं कौल खालच्यावर येतं, तसं पुढच्या दगडाचं टोक वरच्या अंगाने आधीच्या दगडावर थोडं आलं पाहिजे. म्हणजे धावणारं पाणी सांध्यात न शिरता पुढे जातं. फटी चिपा ठोकून बंद करायच्या, माती भरून नव्हे. बांधाच्या खालच्या बाजूला माती-मुरूम दगडाच्या माथ्यापर्यंत भरून ठोकायचा, तिथे वाट आणि दगड एका पातळीत येतात. वरच्या बाजूला फूट-दीड फूट रुंद, उथळ, पसरट नाली ठेवायची. अरुंद खोल चर नको, त्यात पाय अडकतो आणि पाचोळा साठतो.

आणि शेवटी सांडवा, म्हणजे पाणी वाटेबाहेर पडण्याचं तोंड. बांध उत्तम घालून सांडव्यापाशी थकलेले गट मी कितीतरी पाहिले आहेत. वाटेची कड संपली तिथे फावडं थांबतं आणि बाहेरचा वरंबा तसाच राहतो. पाणी तिथपर्यंत येतं, वरंब्याला आपटतं आणि बांधाच्या टोकाला वळसा घालून पुन्हा वाटेवर येतं. सांडवा वाटेबाहेर निदान तीन-चार फूट न्या, पुढे रुंद करत न्या, आणि उतार कुठेही उलटा नाही हे पाहा. बाहेरची माती भुसभुशीत असेल तर तोंडाशी चपटे दगड अंथरा, नाहीतर तिथे नवी घळ सुरू होते.

उठण्याआधी दोन कळशा पाणी वरून ओता. ते नालीतून न थांबता बाहेर गेलं तर काम झालं. थांबलं, तर जिथे थांबलं तिथे खणा. एवढी साधी चाचणी न करता निघून येणं मला समजत नाही.

दोन बांधांतलं अंतर चढावर ठरतं: त्यातल्या त्यात हलक्या चढाला पंचवीस-तीस पावलं, जास्त उभ्या चढाला दहा-पंधरा. पाचावर एकाहून उभा चढ, म्हणजे पाच फूट चालताना फूटभर वर चढवणारा, असेल तर बांधही टिकत नाही. तिथेच पायऱ्यांचा विचार करा.

लाकडाचे ओंडके, मातीने भरलेली सिमेंटची पोती आणि सिमेंट या तिन्हींचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ओंडक्याला वाळवी लागते, ओला ओंडका निसरडा होतो, आणि जंगलात झाड तोडणं गुन्हा आहे. पोत्यांच्या वर्षभरात चिंध्या होतात आणि ते प्लॅस्टिक ओढ्यात जातं. सिमेंट डोंगराच्या मातीला धरत नाही: खालून माती निघते आणि वर लादी अधांतरी उरते, ती एका दिवशी माणसासकट खाली जाते.

पायऱ्या, पण त्यानंतरच

पायऱ्या खालून वर बांधत जायच्या. वरच्या पायरीचा पुढचा भाग खालच्या पायरीच्या मागच्या भागावर टेकला पाहिजे, म्हणजे वरचं वजन खालच्या दगडाला जागेवर दाबून धरतं. उंची सहा-सात इंच. नऊ इंचांची पायरी केलीत तर लोक बाजूने चढतात आणि कडा मोडतात. पाय ठेवायची जागा पूर्ण पाऊल मावेल एवढी, किंचित पुढे उतरती. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून चालता आहे. तिथे एकदा घाई न करता बसा आणि वाटेत घातलेले दगड केवढे आहेत ते पाहा.

खोल घळ झालेल्या भागात माती ओतू नका. वरचं पाणी काढून झाल्यावर घळीत तळापासून थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे आडवे थर घाला. त्यांच्यामागे गाळ आपणहून साठू द्या. दोन-तीन वर्षं लागतात. एका दिवसात भरलेली घळ एका रात्रीत रिकामी होते.

चोरवाटा

नागमोडी वाटेवरचे शॉर्टकट बंद करायचे तर ‘इथून जाऊ नका’ असा फलक लावून उपयोग नाही. शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांवर मोठे दगड आणि वाळलेल्या काटेरी फांद्या टाका, आणि वळणावरची मूळ वाट रुंद, सपाट, चालायला सोयीची करा. जिवंत कारवी तोडून कुंपण करू नका. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि तोवर तिची मुळंच तो उतार धरून असतात. वाटेकडेचं हिरवं गवत ‘स्वच्छ’ करण्याचाही मोह टाळा. चालणाऱ्याच्या अंगाला लागणारी फांदी छाटा, बाकी राहू दे.

जीव सांभाळणं

एका गटाच्या थेट वरच्या वळणावर दुसरा गट कधीही ठेवू नका. दगड निसटतोच. निसटला की ‘दगड!’ एवढंच ओरडायचं, आणि खालच्यांनी वर न बघता बाजूला व्हायचं. कुदळ चालवणाऱ्या दोघांत दहा फूट अंतर. वर आणि खाली एकेक माणूस ट्रेकर थांबवायला.

दगड उलटताना आधी पहार, मग हात. खाली विंचू असतो, कधी फुरसं. सर्पदंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. माणसाला हलू न देता खाली न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. त्यासाठी वाटेत मोबाइलची रेंज कुठे मिळते हे जुलैतच टिपून ठेवा, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं हेही.

आग्या मोहोळाला मी सापापेक्षा जास्त घाबरतो. कड्याला पोळी असतील तर त्याखालची जागा यादीतून काढून टाका, कितीही फाटलेली असली तरी. अत्तर, डिओ लावून कोणी यायचं नाही, कुठेही धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही. माशा उठल्याच तर तोंड-डोकं झाकून शक्य तितक्या लांब निघायचं, अवजारं तिथेच टाकून.

प्रत्येकी तीन लीटर पाणी. तीन वाजता काम बंद, अवजारं मोजून घ्यायची. थकलेल्या हातातली पहार पायावर पडते ती साडेतीननंतरच.

जूनमध्ये परत

पहिला जोरदार पाऊस झाला की त्याच आठवड्यात दोघं जण एक फावडं घेऊन वाटेवर जा. हा दिवस श्रमदानाच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा आणि दोन नावं तेव्हाच पक्की करा, नाहीतर कोणी जात नाही. प्रत्येक सांडव्यातला पाचोळा आणि गाळ काढा, एका सांडव्याला पाच मिनिटं पुरतात. कुठला बांध भरला, कुठल्याच्या मागून पाणी निघालं, कुठली बशी कोरडी राहिली हे फोटोंसकट लिहा. भरलेल्या बांधाचा कोन तिथेच काठीने मोजा, बहुतेक वेळा तो काटकोनाकडे सरकलेला सापडतो. मग पाऊस न थांबता पडत असेल तर खाली उतरू नका. पाहणीतल्या राहिलेल्या जागांपर्यंत जा, पाणी कुठून शिरतंय ते पाहा आणि नोव्हेंबरच्या कामाची यादी तिथेच लिहायला घ्या.